जुन्या एक इंची टोपोशीटवरून पाणंद कशी शोधावी

सर्व्हे ऑफ इंडियाच्या एक इंच = एक मैल मापाच्या टोपोशीटवर, म्हणजे भूप्रदेशाच्या सविस्तर नकाशावर, एक मिलिमीटर म्हणजे साधारण 63 मीटर. एक एकराचं चौकोनी शेत कागदावर एक मिलिमीटरच भरतं. त्यामुळे बांधाचं भांडण इथे सुटत नाही, त्याला मोजणीच लागते. मोडलेली पाणंद, बुजलेलं तळं, जुनी विहीर यांचा माग मात्र चांगला लागतो.

आधी शीटचा क्रमांक. निपाणी 47 एल/7 वर. 74°30′ रेखांशावर शीट बदलते आणि बेळगाव शहर त्याच्या दोन्ही अंगांना पसरलंय, म्हणून 48 आय/5 आणि 48 आय/9 अशा दोन्ही शीट घ्या. समासात छपाईचं नव्हे, सर्वेक्षणाचं वर्ष वाचा. घटप्रभा नदीवरचं हिडकल धरण 1977 ला पूर्ण झालं. त्या जागी नुसती घटप्रभा दिसली तर मोजणी त्याआधीची.

मोबाईलच्या फोटोत कडा वाकतात, तेव्हा 300 डीपीआयवर सपाट स्कॅन करा. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधल्या जिओरेफरन्सरमध्ये (स्कॅन खऱ्या जागेवर बसवणाऱ्या साधनात) खुणा देताना देऊळ-गावठाण धरू नका. शीटवर दर 5′ ला अक्षांश-रेखांशाच्या रेषा असतात, त्यांचे 16 छेद मिळतात, तेच वापरा. अक्षांश-रेखांशाची प्रणाली 'कल्याणपूर 1975' (ईपीएसजी कोड 4146) निवडा. सवयीने जीपीएसची डब्ल्यूजीएस 84 दिलीत, तर अख्खं शिवार शंभर मीटरहून जास्त सरकतं आणि तुमची पाणंद शेजाऱ्याच्या उसातून जाते! सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

तुटक रेषा गाडीवाट, ठिपक्यांची पाऊलवाट. पाणंद बहुधा तुटक रेषेत सापडते. निळा ओढा पाण्याचा, काळा कोरडा. तळ्याच्या बांधाशी '12 आर' (इंग्रजीत 12r) असं असेल तर ती खोली नव्हे, लगतच्या जमिनीपासून बांधाची उंची. जुन्या शीटवर फुटांत. तपकिरी समोच्च रेषा दर 50 फुटांवर असतात, त्यामुळे लहानसहान चढउतार त्यांत येत नाहीत.

भाताची सुगी आटोपल्यावर शिवारात जा. छापील रेषेची जाडी धरून दोन्ही बाजूंना तीसेक मीटर चालून पाहा: दगडी ताल, वाकडी झाडांची रांग, खोलगट चाकोरी. सापडलेल्या जागेचा सर्व्हे नंबर कर्नाटक सरकारच्या दिशांक ॲपवर बघा आणि ग्रामनकाशाची प्रत काढा. वाट त्यावरही असेल, तरच तहसीलदाराकडे अर्ज करण्यात अर्थ आहे.