गावाचा इतिहास लिहायला घेताना

यात्रेच्या स्मरणिकेसाठी गावाचा इतिहास लिहायला बसलं की पहिली ओळ बहुतेक वेळा पांडवांवर येते आणि पुढचं सगळं तिथेच डळमळतं. गावाच्या नावाची फोड शेवटी करा. आधी १९४८ पूर्वी गाव कोणाच्या अमलात होतं ते पक्कं करा, कारण कागद कुठे शोधायचे ते त्यावर ठरतं. आताच्या सांगली जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. कुंडल आणि आटपाडी औंध संस्थानात होती, तर तासगाव, वाळवा हे इंग्रजी अमलाखालच्या सातारा जिल्ह्यातले तालुके. आजचा सांगली जिल्हा १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा निघाला. त्यामुळे जुने उल्लेख साताऱ्याखाली शोधा.

मग तहसीलचा अभिलेख कक्ष. जुने फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी) आणि जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या मागा. गट नंबर देऊन अर्ज केला तर जुना कागद सापडत नाही, कारण जमिनीचे तुकडे जोडून गट पाडले त्या एकत्रीकरणाआधीच्या नोंदी सर्व्हे नंबरवर आहेत. म्हणून आधी भूमी अभिलेख कार्यालयातून गटाचा जुना सर्व्हे नंबर काढून घ्या. मृत्यूच्या नोंदवहीत १९१८ चा ऑक्टोबर मिळाला तर नावं एकेक करून मोजा. इन्फ्लुएंझाच्या साथीने कोणती घरं उद्ध्वस्त केली ते तिथेच दिसतं.

मोडी कागद जाणकाराकडून वाचून घ्या, पण साल स्वतः ताडून पाहा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ‘सबा अर्बैन मया व अलफ’ म्हणजे सात, चाळीस, शंभर आणि हजार, एकूण ११४७. हे सुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांवर अरबी आकड्यांत लिहिलेलं साल. ते मृगाला बदलतं, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवा (१७४६), जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० (१७४७). तेच शक समजून ७८ मिळवले तर १२२५ येतं आणि गाव फुकट पाचशे वर्षांनी म्हातारं होतं.

देवळाबाहेरच्या वीरगळाचा, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या कोरीव स्मारकदगडाचा, शेंदूर खरवडू नका, खडूही फिरवू नका. रात्री एका बाजूने बॅटरी तिरकी धरली की झिजलेलं कोरीवकाम उठून दिसतं. खालच्या कप्प्यात लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. खाली गुरं कोरलेली असतील तर तो गुरं राखताना पडलेला. लेख नसेल तर वीराचं नाव आणि साल लिहू नका, गावकरी कितीही आग्रह करोत.

म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नका. ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा थोरली लेक झाली होती का?’ असं विचारा. तो ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. तसाच १९७२ चा दुष्काळ. पारावर चौघांना एकत्र बसवलं की एकाचंच म्हणणं चौघांचं होतं, म्हणून घरी जाऊन एकेकाला भेटा. हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणारा, गावात आला तर त्याने सांगितलेली वंशावळ जशीच्या तशी उतरवा आणि फेरफारातल्या वारसनोंदींशी ताडा. जुळली नाही तर दोन्ही शेजारी शेजारी छापा.