छोट्या उपग्रहाचे नियंत्रण आभासी वास्तवात आणताना

पुण्याच्या सीओईपीचा 'स्वयम्' आणि मुंबई आयआयटीचा 'प्रथम' हे विद्यार्थ्यांनी घडवलेले उपग्रह २०१६ मध्ये इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटने कक्षेत पोहोचवले. असा एखादा उपग्रह हाताळणाऱ्या गटाला त्याची स्थिती हेडसेट लावून पाहायची असेल, तर उपग्रहाने प्रत्यक्ष कळवलेले काय आणि संगणकाने अंदाजाने रेखाटलेले काय, हा फरक दृश्यात प्रत्येक क्षणी दिसेल अशी रचना आधी ठरवावी.

सुमारे ५०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह साधारण ९५ मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी पूर्ण करतो, परंतु एका भूस्थानकाच्या टप्प्यात तो एका वेळी जेमतेम १० मिनिटे राहतो आणि बऱ्याच फेऱ्यांत तर येतच नाही. उरलेल्या वेळात हेडसेटमध्ये दिसणारी हालचाल हे केवळ गणित असते, तरीही डोळ्यांसमोर सहज फिरणारी त्रिमितीय प्रतिकृती पाहणाऱ्याला खरी वाटते. हा धोका सपाट पडद्यावरच्या आकड्यांत इतका नसतो. म्हणून टेलिमेट्रीच्या, म्हणजे उपग्रहाने पाठवलेल्या मोजमापांच्या, प्रत्येक मूल्यासोबत उपग्रहाच्या घड्याळातली वेळ साठवावी, आणि माहिती ठरावीक मर्यादेपेक्षा जुनी झाली की त्या भागाचा रंग उतरवून शेजारी तिचे वय लिहावे. कक्षेतले स्थान एसजीपी४ या पद्धतीने बऱ्यापैकी वर्तवता येते, त्यामुळे ते पुढे सरकू द्यावे. मात्र उपग्रहाचे तोंड कुठे वळले आहे हे संपर्काविना सांगता येत नसल्याने प्रतिकृती शेवटच्या ज्ञात स्थितीत थांबवावी.

दृश्य युनिटी या त्रिमितीय दृश्ये घडवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बांधत असाल, तर अक्षांकडे नीट लक्ष द्यावे. युनिटीची अक्षरचना डावखुरी आहे, उपग्रहाची गणिते बहुधा उजव्या हाताच्या नियमाने मांडलेली असतात, आणि क्वाटर्निअनमधला, म्हणजे वस्तू कशी वळली आहे हे सांगणाऱ्या चार संख्यांच्या संचातला, अदिश घटक कुठे पहिला तर कुठे शेवटचा लिहिला जातो. रूपांतर बरोबर झाले की नाही हे तपासण्याचा मला सर्वांत भरवशाचा वाटणारा मार्ग असा: ज्या बाजूच्या सौर पॅनेलमधून सर्वाधिक प्रवाह येतो, तीच बाजू दृश्यातही सूर्याकडे वळलेली असली पाहिजे. तसेच पृथ्वीचे केंद्र मूळबिंदू धरून अंतरे मीटरमध्ये मोजली, तर ३२ बिटांच्या संख्यांची अचूकता या उंचीवर अर्ध्या मीटरपर्यंतच उरते आणि १० सेंटिमीटरचा उपग्रह थरथरताना दिसतो. तेव्हा मूळबिंदू उपग्रहापाशीच ठेवावा.

आज्ञा पाठवण्याचे काम हेडसेटवर थेट सोपवू नये. दृश्यातून निघालेली आज्ञा यॅमक्ससारख्या मुक्तस्रोत नियंत्रणप्रणालीकडे जावी आणि तिथेच तिची वैधता तपासली जावी. हात नुसता हवेत फिरल्याने काही घडू नये, यासाठी निवड आणि पुष्टी या दोन वेगळ्या कृती ठेवाव्यात. आज्ञा पाठवली, उपग्रहाने स्वीकारली आणि ती पार पडली, हे टप्पे स्वतंत्रपणे दाखवावेत. बटण दाबताच प्रतिकृतीतला अँटेना उघडलेला दाखवणे ही गंभीर चूक ठरते.

हेडसेट लावलेल्याला खोलीतले काही दिसत नसल्याने दुसऱ्या सहकाऱ्याने नेहमीच्या पडद्यावर तीच टेलिमेट्री पाहत बसावे. ही सारी मांडणी आधी साठवलेल्या जुन्या संपर्कांवर चालवून पाहावी, मध्येच संदेश तोडून रंग आणि वय योग्य वेळी बदलतात का ते तपासावे, आणि मगच ती थेट संपर्काला जोडावी.