ग्रीक बंदरनावातून कोकणातलं गाव कसं ओळखायचं

दोन ग्रंथ समोर हवेत: इसवी सनाच्या पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’, म्हणजे समुद्री व्यापाराची ग्रीक मार्गदर्शिका, आणि साधारण इ.स. १५० मधला ग्रीक भूगोलकार टॉलेमीचा ‘भूगोल’. पेरिप्लसमध्ये कल्याणनंतरची बंदरं ओळीने येतात: सेमुल्ला, मंदगोरा, पालैपत्माई, मेलिझेगारा, बिझँटिऑन. हा क्रम वहीत उतरवा आणि शेवटपर्यंत सोडू नका. टॉलेमीच्या अक्षांश-रेखांशांवरून मात्र गाव शोधू नका. त्याच्या नकाशात आपला किनारा दक्षिणेला उतरण्याऐवजी पूर्वेकडे पसरलाय.

आता सेमुल्ला घ्या. टॉलेमी ‘सिमुल्ला’ लिहितो आणि तिथले लोक त्याला ‘तिमूला’ म्हणतात, असंही सांगतो. एकाच नावात एकदा स, एकदा त? ग्रीकमध्ये च नाही, म्हणून ही ओढाताण. दोन्ही जागी च ठेवून बघा. शेवटच्या ‘आ’वर अडून बसू नका, परक्या नावाला ग्रीक लोक आपला शेवट जोडत. उरतं चेमुल, आणि कान्हेरीच्या ब्राह्मी लेखांत हेच नाव कोरलेलं आहे! दहाव्या शतकातला अरब प्रवासी-लेखक अल-मसूदी ‘सैमूर’ लिहितो; अरबीतही च नाही.

पुढची पायरी मराठीची. दोन स्वरांमधला म आपल्याकडे व होतो: नाम–नाव, ग्राम–गाव. तसंच चेमुल–चेवुल–चौल. मग जागा पारखा: चौलला रेवदंड्याची खाडी आहे, कुंडलिकेचं मुख आहे, म्हणजे गलबत आत घ्यायची सोय आहे. ध्वनी, कोरीव लेख आणि खाडी, तिन्ही जुळले तरच नाव पक्कं.

बहुतेक जण अर्थ लावण्याच्या घाईत फसतात. ‘पालै’ ग्रीकमध्ये ‘पूर्वी’ अशा अर्थाने येतो, म्हणून पालैपत्माईला लगेच ‘जुनं पत्मा’ करू नका. ग्रीक कान अनोळखी नाव ओळखीच्या शब्दात बसवतो. बिझँटिऑनचंही तसंच, बॉस्फरसकाठच्या त्याच नावाच्या शहराशी (आजचं इस्तंबूल) कोकणातल्या या बंदराचा संबंध लावायला नावापलीकडे काही हाती नाही. शिवाय पेरिप्लसचा पाठ मुख्यतः दहाव्या शतकातल्या एकाच हस्तलिखितावर उभा आहे, त्यामुळे नकलनविसाची चूकही धरून चला.

मंदगोरा म्हणजे मंडणगडजवळची बाणकोटची खाडी, असं मांडलं जातं. क्रमात ते बसतं, आवाजही जवळचा आहे. पण चेमुलसारखा कोरीव लेख हाती येईपर्यंत ते नाव नकाशावर पेन्सिलीनेच लिहा.