रोजचा छोटा कॅमेरा: आधी उणीव निवडा, मग कॅमेरा

थंडीतली रात्र, साडेदहा वाजलेले. इंदूरच्या सराफा बाजारात सोन्या-चांदीची दुकानं बंद झालेली आणि त्यांच्याच ओट्यांवर कढया चढलेल्या. गराडू या कंदाचे तुकडे तेलातून खरपूस होऊन निघतात, वर लिंबू पिळलं जातं, जिरावन मसाला भुरभुरतो आणि द्रोण तुमच्या हातात येतो. वर टांगलेला एलईडी दिवा डोळ्यांत घुसतोय, वाफ थेट लेन्सवर येतेय, मागून माणसांचा रेटा आहे. जिरावनाचा दाणा न् दाणा दिसेल असा फोटो इथे काढायचा तर कॅमेरा एका हाताने खिशातून निघायला हवा आणि कमी उजेडात चालायला हवा. घरी कपाटात ठेवलेल्या भारी कॅमेऱ्याचा इथे काही उपयोग नाही.

गेली काही वर्षं मी रोज छोटा कॅमेरा जवळ बाळगते. ओळखीतलं कुणी "कोणता घेऊ?" असं विचारलं, की मी उलटं विचारते, "कोणती उणीव चालेल?" खिशात मावणं, अंधारात चांगला फोटो येणं आणि लांबचं जवळ आणणं, या तीन गोष्टी एका डबीत बसत नाहीत. सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, मोठा केला की लेन्स मोठी होते, त्यात झूम घातला की आणखी वाढते. प्रकाशाचा नियमच तसा आहे, कोणतीही कंपनी त्यातून सुटलेली नाही. म्हणून या तिन्हींपैकी कोणती गोष्ट सोडायची, हे खरेदीआधी ठरवायचं.

पाव किलो शेव आठ दिवस बाळगा

हे मी अगदी मनापासून सांगते. रिको जीआर थ्री हा कॅमेरा बॅटरी आणि कार्डासकट २५७ ग्रॅमचा आहे, म्हणजे पाव किलो शेवेच्या पुडीएवढा. फुजीफिल्मचा एक्स-१०० सिक्स ५२१ ग्रॅमचा, म्हणजे अर्धा किलोची पुडी. ज्या खिशात किंवा पर्समध्ये कॅमेरा ठेवणार, तिथे तेवढ्या वजनाची पुडी आठ दिवस ठेवून हिंडा. ऑफिसला जा, भाजी आणा, स्कूटर चालवा. तिसऱ्या दिवशी पुडी घरी राहिली तर कॅमेराही घरीच राहणार. वजनाइतकीच जाडीही बघा. एक्स-१०० मालिकेचे कॅमेरे देखणे आहेत, पण पँटच्या खिशात जात नाहीत. ते खांद्याला किंवा गळ्यात अडकवायचे कॅमेरे आहेत. थंडीत जॅकेटच्या खिशात जे मावतं ते मे महिन्यातल्या सुती कुर्त्यात मावत नाही, हेही लक्षात ठेवा.

प्रसिद्ध छायाचित्रकार लाला दीनदयाळ १८६६ साली इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि इथेच असताना फोटोग्राफीकडे वळले. काचेच्या प्लेटा, तिपाई, लाकडी पेटी असं सगळं सामान वाहून त्या काळी फोटो काढावा लागे. आपल्याला फक्त पाव किलो की अर्धा किलो एवढंच ठरवायचं आहे.

फोनमधले शेवटचे पाचशे फोटो उघडा

ही पायरी लोक गाळतात आणि मग पस्तावतात. फोनमधले फोटो शांतपणे चाळा. बहुतेक फोनची मुख्य लेन्स २४ ते २६ मिलिमीटरच्या आसपासची, म्हणजे रुंद असते (आकडा लहान तितकं जास्त दृश्य चौकटीत मावतं). तुमचे बहुतेक फोटो त्याच लेन्सचे असतील, ओटा, अंगण, पंगत, पूर्ण राजवाडा असं सगळं एकत्र दाखवणारे असतील, तर २८ मिलिमीटरचा कॅमेरा तुम्हाला हातातल्या फोनसारखा सोपा वाटेल. पण बोटांनी ताणून दुप्पट मोठं करून काढलेले फोटो जास्त असतील, चेहरे, हात, देवघरातली एकच समई असे असतील, तर २८ तुम्हाला सारखा छळेल. तुम्हाला ४० किंवा ५० हवा. रिकोने याच कारणासाठी २०२१ साली जीआर थ्री-एक्स काढला: तोच कॅमेरा, फक्त नजर २८ ऐवजी ४० मिलिमीटरची.

आणि लेकराचं गॅदरिंग, मैदानावरची मॅच, सिरपूर तलावावरचे पक्षी असे फोटो जास्त असतील तर एकाच नजरेच्या, म्हणजे झूम नसलेल्या कॅमेऱ्याच्या नादी लागू नका. झूमच घ्या.

सेन्सरचं नाव आणि माप

'एक इंच सेन्सर' असं लिहिलेलं असतं, पण त्यात एक इंच काहीच नसतं. तो १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटरचा असतो. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांच्या मापावरून ते नाव चालत आलंय. स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांतला १/२.३ इंची सेन्सर जेमतेम ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळात एक-इंचीच्या चौथ्या हिश्श्याएवढा. जीआर आणि एक्स-१०० यांतला सेन्सर एपीएस-सी नावाच्या मापाचा, क्षेत्रफळात एक-इंचीच्या तिप्पट.

माझं स्पष्ट मत: आजचा चांगला फोन जवळ असेल तर १/२.३ इंची कॅमेरा रोजच्या फोटोंसाठी घेऊ नका. फोन एका दमात अनेक फोटो काढून त्यांचा एक करतो, आणि कमी उजेडात तो या छोट्या सेन्सरच्या पुढे जातो. असा कॅमेरा दोनच कारणांसाठी घ्यावा: फार लांबचा झूम हवा असेल किंवा पाण्या-धुळीत न्यायचा असेल. फोनपेक्षा खरोखर वेगळं काही हवं असेल तर सुरुवात एक इंचापासून करा.

झूमची किंमत अंधारात कळते

सोनीचा पहिला आरएक्स-१०० हा २०१२ सालचा. एक इंची सेन्सर खिशात मावेल अशा अंगात बसवून त्याने या प्रकाराला नवा जीव दिला. त्याची लेन्स रुंद टोकाला एफ १.८, पण झूम पूर्ण बाहेर काढला की एफ ४.९ (हा आकडा लहान तितका प्रकाश जास्त). म्हणजे आत येणारा प्रकाश जवळजवळ सातव्या हिश्श्यावर. डब्यावर मात्र १.८ चा आकडा ठळक असतो. असा कॅमेरा असेल तर दिवसा झूम खुशाल वापरा, रात्री झूम बंद ठेवून दोन पावलं पुढे जा. एवढी एक सवय लावली की झूमचे छोटे कॅमेरेही सराफ्यात छान काम देतात. कॅननचा जी-सेव्हन-एक्स मार्क थ्री झूमच्या शेवटी २.८ वर राहतो, त्यामुळे घरगुती समारंभात तो जास्त सोयीचा. त्याला व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी नाही, ही त्याची उणीव.

एकच नजर असलेल्या लेन्सचा फायदा वापरल्याशिवाय कळत नाही. महिनाभरात कॅमेरा उचलण्याआधीच चौकट डोळ्यांपुढे उभी राहते. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या कुठे उभं राहिलं की पूर्ण येतील, हे पायांना ठाऊक होतं.

काय नाही, ते एका कागदावर लिहा

जाहिरात काय आहे ते सांगते, काय नाही ते आपण शोधायचं. जीआर थ्रीला अंगचा फ्लॅश नाही, व्ह्यूफाइंडर नाही, पाण्या-धुळीपासून संरक्षण नाही, पडदा वळत नाही, आणि बॅटरी कंपनीच्या मापाने साधारण २०० फोटोंची. तरीही ज्याला रस्त्यावरचे फोटो आवडतात त्याला मी तोच सुचवीन, कारण या उणिवांवर तोडगा आहे: खिशात एक जादा बॅटरी, आणि फ्लॅशचा हट्ट नाही. पण ज्यांना घरातल्या सत्यनारायणाला पन्नास माणसांचा फोटो काढायचा असतो त्यांनी फ्लॅश असलेलाच घ्यावा. एक्स-१०० सिक्सला सुंदर व्ह्यूफाइंडर आहे, पण पाण्या-धुळीचं संरक्षण पुढे ॲडॅप्टर रिंग आणि फिल्टर लावल्यावरच पूर्ण होतं, आणि तो खर्च वेगळा.

दुकानात, आणि जुना घेताना

जेलरोडला किंवा कुठेही गेलात तरी स्वतःचं मेमरी कार्ड घेऊन जा. कॅमेरा सुरू करून पहिला फोटो निघेपर्यंत किती वेळ लागतो ते बघा. एका हाताने सगळी बटणं लागतात का, उन्हात पडदा दिसतो का, हे दुकानाच्या दाराबाहेर येऊन तपासा. बिलावर भारतातली कंपनी वॉरंटी आहे का, ते विचारा. नुसती दुकानाची वॉरंटी पुरेशी नाही.

जुना कॅमेरा घेत असाल तर ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक, सगळ्यात बारीक करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. राखाडी ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. लेन्स निघत नसल्यामुळे ती धूळ साफ करायला कॅमेरा खोलावा लागतो. मग लेन्सवर तळहात झाकून एक फोटो काढा, रंगीत ठिपके, म्हणजे सेन्सरचे बिघडलेले बिंदू, दिसतात का बघा. लेन्स दहा वेळा आत-बाहेर करा आणि कान देऊन ऐका. करकर आली तर सोडून द्या. बॅटरी फुगलेली नाही ना आणि अंगावरचा नंबर बिलाशी जुळतो ना, हेही बघा.

पहिला महिना

सेटिंग कमी ठेवा. आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील, तो आकडा) ऑटो, वरची मर्यादा ६४००, ॲपर्चर तुमच्या हाती, बाकी कॅमेऱ्याकडे. फोटोत थोडे दाणे आले तरी चालतात, हललेला चेहरा चालत नाही. स्थिरीकरण आपला हात सांभाळतं, समोरच्या माणसाला थांबवत नाही.

दिव्यांचा एक मुद्दा इंदूरकरांनी शिकलाच पाहिजे. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. कॅमेरा मूक, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवर असेल तर फोटोत आडव्या काळपट पट्ट्या येतात. सराफ्यात मेकॅनिकल शटर आणि १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. मग प्रश्न येतो तो हवेत उडणाऱ्या दहीबड्याचा: इथला दहीबडेवाला भरलेला द्रोण हवेत उडवून झेलतो. १/१०० ला उडता द्रोण फराटा होऊन उमटतो. त्याची युक्ती अशी: द्रोण वर गेला की परत फिरण्याआधी क्षणभर थांबल्यासारखा होतो. बटण अर्धं दाबून फोकस आधीच धरून ठेवा आणि त्या टोकाला पूर्ण दाबा. मला तिसऱ्या-चौथ्या उडवणीला साधलं: वर द्रोण, त्यात दह्याची सफेद कड, खाली पसरलेला हात आणि मागे पाहणाऱ्यांची तोंडं उघडी.

अनंत चतुर्दशीच्या झाँक्यांना, म्हणजे रोषणाईच्या चित्ररथांना, एक्सपोजर (फोटोचा उजळपणा) एक पायरी खाली आणा, नाहीतर रोषणाई पांढरीफटक होते. गर्दीत फोकस धरायला वेळ नसेल तर जीआरमध्ये स्नॅप फोकस आहे: अंतर अडीच मीटर, ॲपर्चर एफ ५.६. मग साधारण दीड मीटरपासून पुढे दहा-बारा मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं, कॅमेऱ्याने शोधत बसायला नको.

गेर आणि पावसाळा

रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, मी एकदा कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून नेला होता, लेन्सपुरती फट ठेवून. राजवाड्यापाशी गुलाल असा उधळला की समोरचा माणूस दिसेना. आत-बाहेर होणारी लेन्स बाहेर सरकताना हवा आत ओढते, आणि हवेबरोबर गुलालही. संध्याकाळी लेन्स अर्ध्यातच अडकली. दुरुस्तीला जेवढे सांगितले त्यात थोडी भर घालून तसाच दुसरा जुना कॅमेरा आला असता. खूप वाईट वाटलं, कारण आजीचे शेवटचे फोटो त्याच कॅमेऱ्याने काढले होते. फोटो कार्डावर सुखरूप होते, पण तेव्हापासून मी घरी आल्याबरोबर कार्ड दोन ठिकाणी उतरवून ठेवते. गेरीसाठी पूर्ण बंदिस्त अंगाचाच कॅमेरा न्यावा, जसा ऑलिम्पसचा टीजी-६. तो १५ मीटर पाण्याखाली चालतो आणि त्याची लेन्स बाहेर येतच नाही. सेन्सर छोटा, पण दिवसाच्या भर उन्हात ते जाणवत नाही.

पावसाळ्यात बुरशीची काळजी घ्या. चामड्याच्या पाकिटात कॅमेरा ठेवू नका, चामडं ओल धरतं. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, कॅमेरा फार दिवस वापरणार नसाल तर बॅटरी काढून ठेवा. आठवड्यातून एकदा बाहेर काढा, लेन्स चार-पाच वेळा पूर्ण उघडा-मिटा आणि पंधरा-वीस फोटो काढा. पुड्यांचे दाणे रंग बदलणारे असतील तर रंग बदलला की मंद आचेवर कोरड्या तव्यात परतून घ्या आणि गार झाल्यावरच परत डब्यात टाका. तो तवा मात्र स्वयंपाकाचा नको.