प्लाझ्मा कटरची टॉर्च : दोष कसा शोधावा, टॉर्च कशी बदलावी

पावसाळा सुरू झाला की गोव्यातील वेर्णा, कुंडई किंवा डिचोलीच्या फॅब्रिकेशन शेडमध्ये प्लाझ्मा कटर (विजेच्या आर्कने आणि दाबलेल्या हवेने धातू कापणारे यंत्र) हमखास रुसतो : आर्क, म्हणजे विजेची ज्योत, पेटतो, फडफडतो आणि प्लेट अर्धवट कापून विझतो. अशा वेळी ‘टॉर्च (कापताना हातात धरायचा भाग) गेली’ असे ठरवून नवी मागवण्याची घाई होते. माझ्या अनुभवात ही घाई बहुधा अंगाशी येते, कारण टॉर्चचा मुख्य भाग आणि केबल सहसा सर्वांत शेवटी बिघडतात.

गोव्याच्या दमट हवेत पहिला संशय पाण्यावर घ्यावा. कंप्रेसर हवा दाबतो तेव्हा ती तापते, तापलेली हवा भरपूर बाष्प धरून ठेवते आणि पाइपमधून पुढे जाताना ती थंड झाली की त्याच बाष्पाचे पाणी होते. फिल्टर थेंब अडवतो, बाष्प अडवत नाही. म्हणून कंप्रेसरला चिकटवून लावलेला फिल्टर कोरडा दिसत असला तरी टॉर्चमध्ये पाणी पोहोचू शकते. फिल्टर कटरजवळ बसवावा, टाकीखालचा ड्रेन कॉक (पाणी काढण्याची तोटी) रोज उघडावा आणि रोजचे काम असेल तर एअर ड्रायरचा खर्च टाळू नये. आर्क न पेटवता फक्त हवा सोडण्याची सोय बहुतेक यंत्रांवर असते. ती वापरून टॉर्चसमोर आरसा धरावा. आरशावर धुके किंवा थेंब दिसले, तर नवी टॉर्चही तशीच वागेल. दाबही हवा वाहत असतानाच पाहावा, कारण बंद हवेतला काटा फसवतो. लहान यंत्रांना साधारण ६० ते ७५ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) दाब लागतो, पण अंतिम आकडा यंत्राच्या पुस्तिकेतला मानावा.

पायलट आर्क (टॉर्चच्या आतच पेटणारा सुरुवातीचा छोटा आर्क) पेटतो पण जॉबवर, म्हणजे कापायच्या प्लेटवर, जात नाही, तेव्हा दोष टॉर्चपेक्षा अर्थ क्लॅम्पमध्ये (यंत्राची परतीची तार प्लेटला जोडणाऱ्या चिमट्यात) असण्याची शक्यता जास्त असते. बार्जच्या (मालवाहू सपाट बोटीच्या) जुन्या प्लेटवर गंज आणि रंगाचे थर असतात. क्लॅम्प लावण्याची जागा ग्राइंडरने उघडी करावी.

यापुढचे काम यंत्र बंद करून, प्लग काढून आणि हवा सोडूनच करावे. टॉर्चमध्ये दोनशे व्होल्टपेक्षा जास्त विद्युतदाब येऊ शकतो, आणि यंत्राचे झाकण उघडायचे असल्यास आतील कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरण्यासाठी पुस्तिकेत दिलेला वेळ थांबावे. टॉर्चच्या टोकाची टोपी काढून इलेक्ट्रोड पाहावा : तांब्याच्या टोकातील हाफ्नियम धातूच्या ठिपक्यात सुमारे दीड मिलिमीटर खड्डा पडला असेल, तर तो बदलावा. नोझलचे (ज्यातून आर्क बाहेर पडतो त्या तोंडाचे) छिद्र लंबगोल झाले असेल किंवा हवा फिरवणाऱ्या रिंगला तडा गेला असेल, तर तेही भाग बदलावेत. नव्या इलेक्ट्रोडवर जुने नोझल चढवणे ही खोटी काटकसर आहे. नोझल निवडलेल्या अँपिअरला साजेसे आहे का, हेही पाहावे.

इतके करूनही यंत्र चालत नसेल, तर मल्टिमीटर घ्यावा. टॉर्चचे बटण दाबल्यावर त्याच्या दोन तारांत कंटिन्युइटी (अखंड जोड, म्हणजे मल्टिमीटरचा ‘बीप’) मिळाली पाहिजे. ती केबल हलवताना तुटत असेल, तर तार बहुधा हँडलजवळ, जिथे केबल सतत वाकते, तिथे तुटलेली असते. हाय फ्रिक्वेन्सीने (उच्च व्होल्टच्या ठिणगीने) पेटणाऱ्या टॉर्चमध्ये इलेक्ट्रोड आणि नोझल एकमेकांना टेकलेले नसावेत. ब्लोबॅक पद्धतीच्या (हवेच्या दाबाने इलेक्ट्रोड मागे सरकून आर्क पेटवणाऱ्या) टॉर्चमध्ये मात्र हवा बंद असताना ते टेकलेलेच असतात, त्यामुळे तिथे आलेला ‘बीप’ दोष समजू नये. टॉर्चचे डोके जळून काळे पडले असेल, चिरले असेल किंवा त्यातून हवा गळत असेल, तेव्हा ती बदलण्यावाचून इलाज नाही.

नवी टॉर्च घेताना जुनी सोबत न्यावी. पेटण्याची पद्धत, अँपिअर, कनेक्टरची आटी आणि तारांची संख्या, हे सारे जुळले पाहिजे. ब्लोबॅक यंत्राला हाय फ्रिक्वेन्सीची टॉर्च, किंवा उलट, कनेक्टर बसला तरी जोडू नये. जुने कनेक्शन सोडण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढावा. बटणाच्या दोन तारा आपसात उलटल्या तरी चालते. पण पायलटची तार बटणाच्या तारेच्या जागी गेली, तर नको तिथे वीज पोहोचते. हवेचा जोड पान्ह्याने बेताने आवळावा, ओ-रिंगला (जोडातील रबरी कडीला) सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्यावा आणि हवा सुरू करून जोडावर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले नाहीत, तरच वीज जोडावी.

पहिला कट भंगारातल्या पत्र्यावर, गडद काचेचा चष्मा घालून करावा. ठिणग्या प्लेटच्या खालून सरळ किंवा किंचित मागे पडल्या पाहिजेत. त्या वर उसळत असतील, तर वेग कमी करावा आणि तरीही उसळल्या तर पुन्हा हवा आणि क्लॅम्पपासून तपासणी सुरू करावी.