वर्कशॉप वाढतं तेव्हा मालकाने हातातलं काय सोडायचं

भोसरी, सातपूर किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत दोन सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या) मशिनवर सुरू झालेल्या, दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट करून देणाऱ्या जॉबवर्कच्या शॉपमध्ये मालकच सेटर, म्हणजे मशिन कामासाठी लावून देणारा, असतो, खरेदीही तोच बघतो. सात-आठ माणसं असेपर्यंत हे बरोबरच आहे. या टप्प्यावर मॅनेजर नेमू नका. मात्र प्रत्येक जॉबची टूल्स, ऑफसेट (टूलच्या जागेसाठी मशिनला दिलेले आकडे), स्पीड-फीड (फिरण्याचा आणि कापत पुढे सरकण्याचा वेग) आणि फर्स्ट पीसची मापं सेटअप शीटवर लिहायला आत्ताच सुरुवात करा. हे सगळं तुमच्या डोक्यातच राहिलं, तर पुढे मशिन दुसऱ्याच्या हाती देताच येत नाही.

१० माणसं झाली की ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, २० झाली की पीएफ. यातलं कागदपत्रांचं काम सल्लागाराकडे सोपवता येतं.

खरी अडचण १५ ते २५ माणसांच्या दरम्यान, दुसरी शिफ्ट सुरू झाल्यावर येते. तुम्ही गिऱ्हाइकाकडे गेलात की मशिन थांबतं, कारण इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कापणारं टोक) कुठला लावायचा हेही तुम्हालाच विचारायचं असतं. इथे सुपरवायझर लागतो. सगळ्यात वेगवान ऑपरेटरला ही जागा देण्याचा मोह होतो. त्यापेक्षा अडल्यावर बाकीचे ज्याच्याकडे जातात तो माणूस निवडा. त्याचे अधिकार कागदावर लिहा: कोण कुठल्या मशिनवर, एक दिवसाची रजा, माप बाहेर गेल्यास मशिन थांबवणं, न विचारता ५,००० रुपयांपर्यंत टूल खरेदी. आणि हे दोन्ही शिफ्टच्या सगळ्यांसमोर वाचून दाखवा.

बहुतेक शॉपमध्ये घडी बिघडते ती यानंतर, आणि मालकाकडूनच. जुना ऑपरेटर सवयीने सरळ केबिनमध्ये येतो, मालक उत्तर देतो, आणि आठवडाभरात सुपरवायझर नुसता निरोप्या उरतो. म्हणून ‘सुपरवायझरशी बोललास का?’ एवढंच विचारा. त्याचा निर्णय चुकला तरी फ्लोअरवर फिरवू नका, केबिनमध्ये बोला. अपवाद दोनच: कुणाला इजा होण्याचा धोका आणि संशयास्पद माल गाडीत चढणं. फ्लोअरवर दिवसातून दोन ठरलेल्या वेळी फेरी मारा. शिफ्ट बदलताना १० मिनिटं उभ्यानेच बोलणं होऊ द्या: कालचं रिजेक्शन, आजचं डिस्पॅच, काय कमी आहे. तीन महिने नीट गेले की खरेदीची मर्यादा वाढवा.

पन्नास माणसांच्या पुढे गेलात की क्वालिटीचा माणूस प्रॉडक्शनच्या हाताखाली ठेवू नका, थेट तुमच्या हाताखाली घ्या. नाहीतर महिनाअखेरीच्या डिस्पॅचच्या दडपणाखाली शंकेचा माल पास होतो. तुमचा वेळ आता गिऱ्हाइकं, थकलेली येणी आणि पुढच्या मशिनच्या कर्जाचा हिशेब यांत जायला हवा.

एखाद्या गिऱ्हाइकाकडून पूर्ण लॉट परत आला तर मात्र पुन्हा फ्लोअरवर उतरा. पण पहिल्याच दिवशी सुपरवायझरला सांगा की हे किती दिवसांसाठी आहे, आणि त्या तारखेला बाजूला व्हा.