लाइनबॅकर ओळखताना या चुका टाळा

टेक्सासमधल्या एका शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघासाठी मी गेली सहा वर्षे पालक-स्वयंसेवक म्हणून सामन्यांचे चित्रीकरण पाहून प्रत्येक प्लेची (चेंडू खेळात आल्यापासून थांबेपर्यंतच्या एका चालीची) नोंद करीत आहे. दर ऑगस्टमध्ये या कामाला नवे पालक येतात आणि दर ऑगस्टमध्ये नोंदवहीत त्याच चुका उमटतात. त्यांतल्या बहुतेक लाइनबॅकरच्या, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीमागे उभ्या राहणाऱ्या खेळाडूंच्या, नावांवरून होतात, आणि त्यांचा भुर्दंड मुलांना भरावा लागतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सॅम आणि विल यांना मैदानाच्या डाव्या-उजव्या बाजूंना बांधून टाकणे. ४-३ रचनेत पुढे चार लाइनमन आणि त्यांच्या मागे तीन लाइनबॅकर असतात : मधला माइक, स्ट्राँग साइडचा सॅम आणि वीक साइडचा विल. आद्याक्षरे जुळत असल्यामुळे ही नावे पाच मिनिटांत पाठ होतात, आणि घाईत असलेला नवशिका तिथेच थांबतो. आकृतीत सॅम ज्या बाजूला छापलेला दिसला, ती बाजू तो कायमची सॅमची समजतो. वास्तविक स्ट्राँग साइड समोरचा संघ ठरवतो. त्यांचा टाइट एंड, म्हणजे लाइनच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि पासही झेलणारा खेळाडू, ज्या बाजूला उभा राहील ती स्ट्राँग साइड, दुसरी वीक साइड. क्रिकेट पाहत वाढलेल्या माणसाला हे अवघड जाऊ नये, कारण डावखुरा फलंदाज खेळायला आला की ऑफ साइड पलटते हे आपण लहानपणापासून जाणतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे एका उत्साही पालकाने शुक्रवारच्या सामन्याची संपूर्ण नोंद एकट्याने केली आणि डावीकडच्या लाइनबॅकरला सरसकट 'सॅम' लिहिले. आमचे सॅम आणि विल टाइट एंडप्रमाणे बाजू बदलत होते आणि समोरच्या संघाचा टाइट एंड त्या रात्री निम्म्याहून अधिक वेळा उजवीकडे उभा होता. सोमवारच्या तक्त्यात सॅमच्या नावावर सात हुकलेले टॅकल (चेंडूवाल्याला पाडण्याचे प्रयत्न) दिसले. पंधरा वर्षांचा तो मुलगा हेल्मेट काखेत धरून, मान खाली घालून सगळे ऐकून घेत होता. आपण त्या बाजूला नव्हतोच, हे प्रशिक्षकांना सांगण्याचे धाडस त्याला झाले नाही. मला शंका आली म्हणून त्या रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून मी पूर्ण सामना पुन्हा पाहिला. सातांपैकी पाच टॅकल विलचे होते. दुसऱ्या दिवशी तक्ता बदलला आणि प्रशिक्षकांनी त्या मुलाची सर्वांसमोर क्षमा मागितली, पण तो एक दिवस त्याला परत मिळाला नाही.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. स्नॅपच्या, म्हणजे चेंडू मागे देऊन प्ले सुरू होण्याच्या, आधी चित्रीकरण थांबवायचे, टाइट एंड शोधायचा, वहीच्या समासात त्याच्या बाजूला बाण काढायचा आणि मगच बचावाकडे पाहायचे. टाइट एंड नसेल किंवा दोन्ही बाजूंना एकेक असेल, तर स्ट्राँग साइड कोणती याचा प्रत्येक संघाचा स्वतःचा नियम असतो. तो प्रशिक्षकांना विचारावा. अंदाजाने लिहू नये. इंटरनेटवरचा तयार तक्ता छापून घेण्याचा सोपा मार्ग तर मला मुळीच मान्य नाही, कारण एका संघातला 'जॅक' नावाचा लाइनबॅकर दुसऱ्या संघात वेगळ्याच नावाने ओळखला जातो.

दुसरी चूक टीव्हीवरून शिकलेल्यांची आहे. आक्रमणाचा सूत्रधार असलेला क्वार्टरबॅक बोट दाखवून ओरडतो, "चोपन्न इज द माइक!" आणि प्रेक्षक समजतो की चोपन्न क्रमांकाचा खेळाडू हाच बचावाचा माइक. क्वार्टरबॅक त्या वेळी आपल्याच लाइनमनशी बोलत असतो. धावून येणाऱ्यांपैकी कोणी कोणाला अडवायचे, ही मोजणी कुठून सुरू करायची ते त्यांना ठरवून घ्यायचे असते, आणि त्या मोजणीच्या आरंभबिंदूला ते 'माइक' म्हणतात. बहुधा तो मधला लाइनबॅकर असतो. परंतु अडवणुकीच्या सोयीसाठी ते विलला किंवा एखाद्या सेफ्टीलाही (बचावात सर्वांत मागे राहणाऱ्या खेळाडूलाही) माइक ठरवू शकतात. म्हणून मी नोंदवहीत दोन स्वतंत्र रकाने ठेवतो : 'त्यांचा माइक', म्हणजे समोरच्या क्वार्टरबॅकने ठरवलेला, आणि 'आपला माइक', म्हणजे आपल्या बचावातला मधला लाइनबॅकर. नव्या पालकांना ही दुप्पट मेहनत वाटते. एका हंगामाचे चित्रीकरण पाहिल्यावर तसे कोणी म्हणत नाही.

हेल्मेटवरच्या हिरव्या ठिपक्यावरूनही माइक ठरवू नये. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये २००८पासून बचावातल्या एका खेळाडूला कानात प्रशिक्षकांचा आवाज ऐकू येतो आणि त्याच्या हेल्मेटवर तो ठिपका असतो. पण ही जबाबदारी सेफ्टीकडेही दिली जाते.

लाइनबॅकर पुढे धावला की प्रत्येक वेळी त्याला ब्लिट्झ (नेहमीपेक्षा जास्त खेळाडूंनी क्वार्टरबॅकवर धावून जाणे) म्हणू नये. ३-४ रचनेत पुढे तीनच लाइनमन असतात, त्यामुळे बाहेरचा एक लाइनबॅकर चौथा म्हणून धावून जाणे हा नित्याचाच भाग असतो. न्यू यॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरने १९८६मध्ये बाहेरचा लाइनबॅकर म्हणून २०.५ सॅक (क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडणे) नोंदवले आणि तो त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याची प्रत्येक धाव ब्लिट्झ धरली तर त्या शब्दाला काही अर्थच उरत नाही. पाच किंवा अधिक खेळाडू धावले, तरच मी ब्लिट्झ लिहितो.

४-३, ३-४ हे आकडे खेळाडूंची संख्या सांगतात, पण प्रत्येक आकडा तसा वाचू नये : शिकागो बेअर्सच्या '४६' बचावात चार लाइनमन आणि सहा लाइनबॅकर नसतात. प्रशिक्षक बडी रायनच्या या रचनेला डग प्लँक या सेफ्टीच्या जर्सीचा क्रमांक मिळाला.

शेवटची चूक चेंडूकडे पाहत राहण्याची. लाइनबॅकरने असे केले तर खोट्या हँडऑफला (चेंडू हातात दिल्याच्या हुलकावणीला) तो पहिल्या पावलातच फसतो, आणि नोंद करणाराही त्याच्याबरोबर फसतो. मी मुलांना आणि पालकांना समोरच्या गार्डकडे, म्हणजे आक्रमणाच्या लाइनमध्ये मधल्या खेळाडूच्या शेजारी उभ्या असलेल्या लाइनमनकडे, पाहायला सांगतो. गार्ड पुढे झेपावला तर बहुधा धाव, मागे सरकून उंच राहिला तर बहुधा पास, आणि लाइनच्या मागून आडवा पळाला तर तो ज्या दिशेला निघाला त्या दिशेला जायचे.